दवंडी

चाळीस साल या गावात
मी सरकारचा आवाज होतो.
तहसिलातून कागद ये, पटवारी वाचे,
मी डफड्यावर दोन टिपऱ्या हानो
अन् चावडीपासून त नाल्यापल्याडच्या टोल्यापर्यंत
वरडत जाओ:
‘ऐका हो ऐका, उद्या टोचनारे येनार हायेत,
लेकरं घरीच ठेवा होऽ’
एक शब्द लपवला नाई.
बहिऱ्या परसरामच्या त कानात जाऊन सांगो.

आता सरकार बोलत नाई.
खिशात थरथरते.
सहा आकडे येतेत, अन् खाली लिव्हलं रायते म्हंते,
कोनाले सांगू नका.

सेतूवाल्या पोरीले इचारलं मी,
प्रणालीले, गणवीर मास्तराची नात ते:
‘सांगाचं नाई, त तू काहून मांगते व बाई?’
हासली.
‘मलेच सांगा आबाजी, दुसऱ्याले नोका सांगू.’
म्हंजे सरकारले मालूम, मले मालूम, तुले मालूम,
अन् बाकावरचे हे सात जन
का कान घरी ठेवून आले?

बाकावर चंद्रभागा लांजेवार.
रात्री फोन तांदुयाच्या डब्यात ठेवते,
आतले पैसे कोनी नेईन म्हनून.
तिच्या बाजूले दसरू. बिड्या वयून वयून
अंगठा कवडीवानी गुयगुयीत,
तीन खेपा झाल्या, मशीन लालच होते.
अन् सुभद्राबाई, तिले मात्र हे सारं आवडते.
‘मशीन भायेर उभं नाई करत बाप्पा,
साहेब जेवाले गेले, असं नाई म्हनत.’

खरं हाये तिचं.
तहसिलाच्या पायरीखाली
चपला हातात धरून मी उभा रायलो हाओ,
बाबू वरून कागद फेके,
वाऱ्यानं उडाला त मांगे धावा लागे.
मशीन फेकत नाई. तेवढं कबूल.

पन वळखत भी नाई.
दोन महिने झाले, श्रावणबाळचे पैसे नाई.
मी हयात हाओ का नाई, ते पाह्याचं हाये म्हंते.

माई हयात!
गावात कोन जलमलं, कोन गेलं,
माह्या सांगन्यावर मानूस बुकात चढे,
माह्या सांगन्यावर उतरे.
नाकापाशी हात धरो, पापनी उचलून पाहो,
मंगच ठान्याचा रस्ता धरो.
एकदाच घाई झाली.
मी वेशीपर्यंत गेलो, अन् इकडे झिंगरू उठून बसला,
पानी मांगलं त्यानं.
मंग मरेपर्यंत मले
‘काहो यमाचे शिपाई’ म्हने.

‘आबाजी, फोनकडे पाहा. डोये मिटा. उघडा.’
मिटले. उघडले.
‘आनखी एकदा. हलू नोका.’
मिटले.
आत अंधारात झिंगरू बसून होता,
कसा वाटते आता, म्हने.
उघडले.
मशीनवर हिरवं काहीतरी झालं.

मंग खिसा थरथरला. ओटीपी.
पोरगी हळूच म्हने, ‘सांगा.’
आता मी का करू, जलमाची सवय,
पाठ ताठ झाली,
हात डफडं शोधाले कमरेपाशी गेला:
‘ऐका हो ऐकाऽ, चार, शून्य, सात, सात…’

पानठेल्यावरचे लोक रस्त्यात आले.
प्रणालीनं कपायाले हात लावला.
सुभद्रा हासता हासता खोकली.
अन् दसरू, जो तीन दिवस झाले
कोनाशी बोलला नव्हता,
म्हने, ‘लय दिसानं आयकू आलं, कोतवाल.’

‘जाऊ द्या,’ पोरगी म्हने,
‘दहा मिनिटात मरूनच जातेत ते आकडे.’

दहा मिनिट.
‘त बुकात कसं लिव्हाचं व बाई,
जलम अन् मरन एकाच रकान्यात?’

तिनं आयकलं नाई.
ते म्हनून रायली होती,
‘दसरूबुवा, अंगठा साबनानं धुऊन आले का?’